दोस्तीच्या तहाचं वर्ष

आमच्या घरात रशिया पहिल्यांदा आला तो माझ्या भावाच्या डोक्यावरून. एकाहत्तर सालचा चैत्र सरत आला होता, तापीचं वाळवंट भाजून निघालं होतं, आणि शहाद्याच्या बसमधून उतरलेला मधुभाऊ कानांवर केसाळ पट्ट्या लोंबणारी टोपी घालून गल्लीतून चालत येत होता. घामानं निथळत होता, पण टोपी काढत नव्हता. दोन-अडीच वर्षांनी गावात पाय ठेवताना आपण कुठून आलो हे न बोलता सगळ्यांना कळावं, एवढीच त्याची हौस. माय भाकरतुकडा ओवाळून टाकायला दारात उभी होती. तिनं टोपीकडे पाहिलं आणि रडायचं सोडून म्हणाली, “डोकावर मेंढरू बठाडी लयना का रे?” मग मात्र ती त्याच्या गळ्यात पडून रडली.

मधुभाऊ नौदलात होता. सारंगखेड्याच्या पोरानं समुद्रावर जावं याचं गावाला नवल वाटे, मला नाही. पुराच्या पाण्यात तो म्हशीची शेपटी धरून पैलतीर गाठायचा ते मी पाहिलेलं होतं. आपल्या देशानं रशियाकडून लहान पण फार घातक अशा बोटी घेतल्या होत्या, क्षेपणास्त्रं सोडणाऱ्या. त्या चालवायला शिकण्यासाठी काही खलाशांना तिकडच्या अगदी पूर्वेकडच्या एका बंदरात पाठवलं होतं, त्यांत हा एक. तिथं समुद्र गोठतो, त्यावर माणसं चालत जाऊन मासे धरतात, असं त्यानं सांगितलं तेव्हा माय म्हणाली, “जाय, काही बी सांगस.” मायचा विश्वास बसला तो एकाच गोष्टीवर. त्यांना शिकवणारा एक म्हातारा होता, त्याची दोन पोरं जर्मनांशी लढताना गेलेली. निघायच्या दिवशी त्या म्हाताऱ्यानं आपल्या डोक्यावरची टोपी काढून भावाच्या डोक्यावर ठेवली आणि पाठ फिरवून उभा राहिला. मायनं त्या दिवसापासून टोपीला मेंढरू म्हणणं सोडलं. कडुनिंबाचा पाला घालून ती पेटीत ठेवली.

ती सुट्टी मला अजून चवीसकट आठवते. भाऊ तिकडे काळ्या आंबूस पावावर राहिलेला. माय त्याला रोज उडीद-ज्वारीच्या कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत, वर शेंगदाण्याच्या तेलाची धार घालून वाढायची आणि समोर बसून राहायची. पहिल्या घासाला तो म्हणाला, “खराशो!” म्हणजे छान. मायनं तो शब्द उचलला. म्हशीनं जास्त दूध दिलं की खराशो, पापड नीट वाळले की खराशो. शेजारणी विचारायच्या, ही कुठली भाषा? माय म्हणायची, “मन्हा पोऱ्याना मास्तरनी.” मला, धाकट्या बहिणीला, भावानं त्यांची अक्षरं शिकवली. आपला ‘र’ तिकडे इंग्रजी ‘पी’सारखा लिहितात याचं मला इतकं हसू यायचं की मॅट्रिकचा अभ्यास बाजूला पडला. माझी नात आता फोनवर कुठलीही भाषा क्षणात मराठीत करून दाखवते. दाखवो बापडी. अंगणात कोळशानं काढलेलं ते अक्षर पुसायला मायनं पाण्याचा तांब्या ओतला, त्याचा मातीचा वास तिच्या फोनला कुठला!

आबांचं, म्हणजे आमच्या वडिलांचं, मात्र वेगळं होतं. इंग्रजांच्या काळात त्यांनी धुळ्याच्या तुरुंगात काही महिने काढले होते. त्याबद्दल ते बोलत नसत, पण आयुष्यभर खादी वापरली आणि कुणापुढे वाकले नाहीत. केळीच्या बागेतून आले की हातपाय धुऊन ते कोनाड्यातला ट्रान्झिस्टर काढायचे. त्याला चामड्याचं घर शिवलं होतं शहाद्याच्या रहीमचाचांनी. बातम्यांच्या वेळी आमच्या घरात भांडं वाजत नसे आणि रेडिओच्या चकतीला आबांशिवाय कुणी हात लावत नसे.

श्रावणात भाऊ पुन्हा दोन-चार दिवसांसाठी आला होता. तेव्हाच रेडिओवर ती बातमी आली: भारत आणि रशिया यांचा मैत्रीचा तह. एकावर संकट आलं तर दोघांनी एकत्र बसून विचार करायचा, असं काहीसं त्यात होतं. पूर्वेकडून निर्वासितांचे लोंढे येत होते, लढाई होणार हे सगळेच बोलत होते. गल्लीत लोक खूश. कुणी तरी ओरडलं, “रशियाशी सोयरीक जमनी!” आबांनी मात्र रेडिओ बंद करून कोनाड्यात ठेवला. उपासाची भगर आणि शेंगदाण्याची आमटी ताटात निवत होती.

“तुले आनंद व्हयना का?” त्यांनी भावाला विचारलं.

“हाव आबा, भलता आनंद व्हयना. एकला देश कितला दिन उभा ऱ्हाई?”

“इंग्रज बी पहिले दोस्तच व्हता.” आबांचा आवाज चढला नव्हता, पण माय वाढता वाढता थांबली. “तैनाती फौज शिकना ना शाळामा? पेशवानी वसईले सही करी. म्हने, तुमनं राज्य आम्ही राखसूत. राखं! अशी राखं की तुन्हा आजाले वळखू बी नही उनं.”

भाऊ जेवायचा थांबला. “तैनाती फौजमा तोफ बी त्यास्नी, मानूस बी त्यास्ना. आठे बोट आपली शे. तिनावर उभा ऱ्हास तो मी शे. त्यास्नी फक्त शिकाडं.”

“आनि उद्या तिना एखादा भाग तुटना त? तो कोठेन येई?”

सुटे भाग तिकडूनच यायचे, आणि ते वेळेवर येत नाहीत ही बोटीवरच्या लोकांची रोजची कटकट, हे त्यानं मला नंतर सांगितलं. त्या घडीला तो एवढंच म्हणाला, “आबा, तुमी जेलमा गयथात तव्हय तुमनासंगे कोनी व्हतं का नही?” आबा ताटावरून उठले. उपाशीपोटी झोपू नयेत म्हणून मायनं त्यांना दुधाचा पेला नेऊन दिला, तो तसाच राहिला, शेवटी मांजर प्याली. दुसऱ्या दिवशी भाऊ निघाला तेव्हा आबा बागेत पाणी लावायला गेले होते. तो बांधापर्यंत गेला. दोघांत काय बोलणं झालं मला माहीत नाही. परत आला तेव्हा त्याच्या पिशवीत केळीचा एक घड होता, पण त्याचं तोंड उतरलेलंच होतं.

मग मार्गशीर्ष आला, दत्तजयंतीची यात्रा आली आणि तिच्या हातात हात घालूनच लढाई आली. आमच्याकडच्या यात्रेत देशोदेशीचे घोडे येतात. ऐन थंडीत पहाटे डोळे उघडावेत ते खिंकाळण्यानं आणि घुंगरांनी. यात्रेचा महिनाभर रहीमचाचा आमच्या ओसरीवर मुक्कामाला असायचे. खोगीर, लगाम, घोड्याच्या गळ्यातले पट्टे शिवणं हा त्यांचा पिढीजात धंदा. मधुभाऊला पहिल्यांदा घोड्यावर बसवलं ते त्यांनीच, आणि पडल्यावर पुन्हा बसवलं तेही त्यांनीच. माय त्यांच्यासाठी शेवेची भाजी जरा जास्त जाळाची करायची, कारण ते नाकातोंडातून पाणी काढत खायचे आणि “आनखी” म्हणायचे. त्या साली यात्रा भरली खरी, पण तिच्यातला जीव गेला होता. लांबचे व्यापारी घोडे घेऊन अर्ध्यातूनच परतले. बत्त्यांना काळे कागद लावायचा हुकूम निघाला. दिवस मावळला की त्या एवढ्या मोठ्या मैदानात नुसता जनावरांचा श्वास ऐकू यायचा.

एका सकाळी रेडिओनं सांगितलं की आपल्या नौदलानं कराचीच्या बंदरावर हल्ला केला, शत्रूची जहाजं बुडवली, तेलाच्या टाक्या पेटल्या. बोटींची नावं सांगितली नाहीत, पण आम्हाला सांगायची गरज नव्हती. गल्ली आमच्या अंगणात लोटली. माय गूळ वाटायला लागली. अर्धा गूळ तिच्या हातून जमिनीवर सांडला. पोरगा जिंकला की नाही याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं, पोरगा आहे की नाही हे तिला हवं होतं, आणि ते रेडिओ सांगत नव्हता. गर्दीतला एक जण, मनानं वाईट नव्हता, पण तोंडाला लगाम नसलेला, ओसरीकडे पाहून म्हणाला, “काय चाचा, तुमनी बहीनना गावले आग लागनी म्हने!”

चाचांची धाकटी बहीण आमिना. फाळणीच्याही आधी तिचं लग्न कराचीच्या बंदरावर काम करणाऱ्या माणसाशी झालं होतं. देश दोन झाले तेव्हा ती जिथं होती तिथंच राहिली, आणि ते गाव परदेश झालं. हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. त्या सकाळपर्यंत त्याला काही अर्थ नव्हता. चाचा दाभण चामड्यात घालत राहिले. माय गुळाचं ताट घेऊन त्यांच्यापर्यंत गेली होती, ती तिथंच उभी राहिली. ताट पुढे करावं की मागे घ्यावं तिला कळेना. शेवटी चाचांनीच हात लांब करून एक खडा उचलला. “मधूना नावना शे, खावा पडी,” ते म्हणाले आणि खडा तोंडात न टाकता मुठीत धरून बसले.

त्या संध्याकाळी आबांनी जे केलं ते मी जन्मभर विसरले नाही. त्यांनी कोनाड्यातून रेडिओ काढला, ओसरीवर आणून चाचांपुढे ठेवला आणि मला हाक मारली. “सुमे, तुन्हा हात हलका शे. कराचीनं ठेसन लाव.” मी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले. तेव्हा लोक म्हणत, शत्रूचा रेडिओ ऐकणं गुन्हा आहे. खरं-खोटं मला आजही माहीत नाही, पण भीती खरी होती. आबांनी दार लोटलं. मी चकती फिरवली. खरखर, मध्येच गाणं, पुन्हा खरखर, आणि मग स्वच्छ उर्दूत एक माणूस बोलायला लागला. चाचा पुढे झुकले. आम्हाला अर्धंमुर्धं कळत होतं. बातम्या संपल्या तसे आबांनी विचारलं, “काय म्हने?”

“म्हने, काहीच व्हयनं नही. सगळं ठीक शे.” चाचांनी डोळे पुसले नाहीत, फक्त मिटले. “आपला रेडिओ म्हनस, सगळं जळनं. दोन्ही खोटं बोलतंस, आबा. मधमा जे काही शे, तठे मन्ही आमिना शे.”

तेवढ्यात दार उघडलं. गावचे पोलीस पाटील, आबांपेक्षा बरेच लहान, काळे कागद नीट लावलेत का ते बघत घरोघर फिरत होते. रेडिओ अजून सुरूच होता. त्यांनी ऐकलं, आमच्याकडे पाहिलं. “काय ऐकी ऱ्हायनात, आबा?”

कुणीही काहीतरी थाप मारली असती. आबा म्हणाले, “कराची.”

माझा हात चकतीवर होता, तो काढायचंही मला सुचलं नाही.

“मन्हा पोऱ्या तठे आग लावाले गयथा,” आबा म्हणाले, “आनि हाऊ मन्हा भाऊ तठे बहीनले धुंडी ऱ्हायना. आते तूच सांग, मी कोनतं ठेसन लावू?”

पाटलांनी आत न येता दार ओढून घेतलं. ते गेले असं वाटून मी फटीतून पाहिलं, तर ते आमच्या ओट्यावर काठी आडवी ठेवून बसले होते. गल्लीतून कुणी येताना दिसलं की विचारायचे, “कोन शे रे? घर जा, दिवा झाक.” त्यानंतर रोज त्या वेळेला ते ओट्यावर येऊन बसू लागले.

लढाई संपत आली असं वाटत असतानाच अमेरिकेचं मोठं आरमार बंगालच्या उपसागराकडे निघाल्याची बातमी आली. एका शहराएवढं एक जहाज, त्यावर विमानं. यात्रेत उरलेली माणसं दुपारच्या उन्हाला आबांभोवती जमली. वर्तमानपत्र वाचणारा माणूस म्हणून त्यांनाच विचारायचे. “आबा, आते कसं? रशिया येई का आपलासाठे?” मी भाकरी घेऊन गेले होते, तिथंच थांबले. श्रावणातलं ते ताट मला आठवत होतं.

आबा म्हणाले, “तुमी सावड करतंस ना? आज तुन्हा बैल मन्हा वावरमा, सकाय मन्हा तुन्हा वावरमा. हाऊ तह म्हनजे सावड शे. माले तो आवडना नव्हता, आजबी भ्या वाटस. मोठा शेतकरीसंगे सावड करी त तो आपला बैल जास्तीना राबाडस. पन आज पेरनी आंगवर उनी शे आनि बैल कमी शे. आज सावड करनीच पडी. फक्त दोस्तना बैल शे म्हनीसन आपला बैल कोनी उपाशी ठेवाना नही.”

“पन तो येई का?” कुणीतरी पुन्हा विचारलं.

आबा म्हणाले, “माले ठाऊक नही.” आणि घरी येऊन तेच त्यांनी मायला सांगितलं. माय चुलीपुढे होती. ती म्हणाली, “येई. ज्यानी डोकानी टोपी काढीसन पोऱ्याले दिन्ही, तो म्हतारा त्यास्ले बठू देवाव नही.” रशियाची जहाजंही त्या आरमाराच्या मागावर निघाली होती हे आम्हाला पुढे समजलं. का निघाली, कुणाच्या हिशेबानं निघाली, हे मोठ्या लोकांनी मोठ्या पुस्तकांत लिहिलेलं आहे. आमच्या घरात ती मायच्या म्हाताऱ्यानं पाठवली होती.

आता कधी टीव्हीवर दाखवतात, आपली आणि त्याच अमेरिकेची जहाजं शेजारी शेजारी कवायत करतायत. नात विचारते, “आजी, मग आपण नक्की कोणाच्या बाजूचे?” मी तिला सावड सांगते. तिला बैलच ठाऊक नाही, ट्रॅक्टर ठाऊक आहे. पण “आपला बैल उपाशी ठेवायचा नाही” हे तिला पटतं असं दिसतं, कारण परवा वडिलांशी वाद घालताना तिनं ते वाक्य स्वतःचं म्हणून वापरलं.

भाऊ होळीच्या सुमारास घरी आला. चालत आला, हसत आला, पण मायनं डाव्या बाजूनं हाक मारली तेव्हा वळला नाही. क्षेपणास्त्र सुटतानाच्या आवाजानं त्याचा डावा कान गेला होता. त्याला कळत नसे, पण तो फार मोठ्यानं बोलायचा. साधं पाणी मागितलं तरी गल्लीला ऐकू जायचं. माय ते ऐकून हसायची आणि पदर तोंडाला लावायची. आबांनी पहिल्याच संध्याकाळी त्याला उजव्या बाजूला बसवून घेतलं आणि विचारलं, “ते सुटा भागनं काय व्हयनं?” भाऊ खदाखदा हसला. त्यानं सांगितलं की या बोटी आपलं बंदर राखायला म्हणून बनवलेल्या, फार लांब जाऊ न शकणाऱ्या. आपल्या लोकांनी त्या मोठ्या जहाजांना बांधून, ओढत ओढत थेट शत्रूच्या दारापर्यंत नेल्या. “शिकाडनारास्नी बी असं कव्हय मनमा आणं नव्हतं!” तो ओरडला. आबा कितीतरी वेळ मान हलवत होते. “म्हनजे बैल त्यास्ना, पन वखर आपलं,” ते म्हणाले. मायला ताट वाढायला सांगितलं आणि स्वतःच्या ताटातलं भरीत भावाच्या ताटात घातलं. श्रावणातल्या भांडणाचा त्यांच्यात पुन्हा विषय निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी भाऊ मला म्हणाला, चल शहाद्याला. कशाला ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. आमिनाआत्या सुखरूप असल्याचं पावसाळ्यात, कुणा नातेवाइकाच्या तोंडून, फार लांबच्या वळणानं कळलं. पण त्या दिवशी ते कुणालाच ठाऊक नव्हतं. बसमध्ये भाऊ खिडकीतून कापसाची रिकामी शेतं बघत होता, आणि मी त्याच्या बऱ्या कानाशी बसले होते.

चाचा दुकानात एकटेच होते. भिंतीला नवे लगाम टांगलेले, कमावलेल्या चामड्याचा आणि मेणाचा वास. भाऊ त्यांच्या पाया पडला आणि समोरच्या पाटावर बसला. मग एकदम, त्याच्या त्या नव्या मोठ्या आवाजात तो म्हणाला, “चाचा, आमले निशान बंदरनंच दिन्हथं! गाव नही! पन आग मी देखी चाचा, लांबथीन देखी, ती कोठे कोठे गयी माले ठाऊक नही!” समोरचा शिंपी मशीन थांबवून बघायला लागला. रस्त्यावरून जाणारी दोन माणसं थबकली. भावाला ते कळत नव्हतं. त्याला वाटत होतं तो हळूच बोलतोय. “आमिनाबी तठे शे हाई माले तव्हय बी याद व्हतं, चाचा!”

चाचांनी दाभण खाली ठेवलं. गुडघ्यावर हात देऊन उठले, पाटाला वळसा घालून भावाच्या उजव्या बाजूला, बऱ्या कानाच्या बाजूला येऊन बसले. त्याच्या मानेमागे हात टाकून त्याचं डोकं त्यांनी आपल्याकडे ओढलं, लहानपणी घोड्यावरून पडल्यावर ओढायचे तसं, आणि मी शेजारी होते म्हणूनच मला ऐकू आलं इतक्या हळू ते त्याच्या कानात म्हणाले, “बारीक बोल, बेटा. मी आठेच शे.”